कुलूप कोणत्या कपाटाला?

प्रश्न: माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात मी कपडे वाळत घालायला गेले तेवढ्यात तो रांगत स्वयंपाकघरात गेला, सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं आणि तुंबलेली नळी मोकळी करायच्या पावडरीचा डबा हातात घेऊन बसला. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. त्या रात्री माझ्या नवऱ्याने चिकटवायच्या पट्टीच्या कुलपांचा मोठा संच मागवला आणि घरातल्या चौदाच्या चौदा दारांना, ड्रॉवरना पट्ट्या लावल्या. घर भाड्याचं आहे, मालक भोकं पाडू देत नाहीत. सासूबाईंना बोटांचा संधिवात आहे. त्यांना ती दोन बाजूंनी दाबायची बटणं दाबता येत नाहीत, त्यामुळे दिवसभर निम्म्या पट्ट्या सुटलेल्याच असतात. दोन तर आपोआप निघून आल्या. सासूबाई म्हणतात, आमची मुलं काय कुलपांत वाढली? त्याला 'नाही' म्हटलेलं ऐकायला शिकवा. यावरून घरात रोज वाद होतो. कुलपं खरंच हवीत का? हवीत तर कोणती? आणि किती वर्षं?

— काळजीत पडलेली आई

उत्तर:

प्रिय ताई,

बाळ सुखरूप आहे हे वाचून हायसं वाटलं. पण तो डबा आता कुठे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अजून सिंकखालीच असेल तर पुढचं वाचण्याआधी उठा आणि तो तिथून हलवा. अशा पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, आणि लहान मुलासाठी याहून घातक वस्तू घरात फार थोड्या असतात. आम्ल जिथे लागतं तिथे भाजतं आणि बऱ्याचदा वर खपली धरतं. कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली तशी थांबत नाही, ती मांस विरघळवत आत आत जाते. थोडीशी पावडर गिळली गेली तरी अन्ननलिका भाजू शकते. भाजलेली जागा भरून येताना आकसते, आणि मग घास खाली उतरावा म्हणून त्या मुलाची अन्ननलिका पुन्हा पुन्हा रुंद करून घ्यावी लागते, कधी कधी कित्येक वर्षं. तुंबलेल्या नळीला रबरी पंप आणि लवचीक तार बहुतेक वेळा पुरते. मूल चांगलं जाणतं होईपर्यंत ही पावडर घरात आणूच नका, असं मी अगदी आग्रहाने सांगते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. घरातून काय घालवायचं ते आधी ठरवा. मग काय उंचावर न्यायचं ते. एवढं करून जे खाली उरेल आणि तरीही धोक्याचं असेल, फक्त त्याच्या दाराला कुलूप. तुमच्या घरी हा क्रम उलटा झाला. कुलपं आधी आली आणि कपाटांतल्या वस्तू होत्या तिथेच राहिल्या.

कुलपं हवीत, याबाबत तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. चौदा दारांना मात्र नकोत. दिवसातून तीस वेळा उघडावं लागणारं दार कुणीही तीस वेळा बंद करत नाही. हात ओले असतात, गॅसवर काहीतरी असतं, फोन वाजत असतो. ज्या दाराआड नुसती भांडी आहेत त्या दाराची पट्टी सुटी ठेवायची सवय एकदा हाताला लागली, की तोच हात सिंकखालच्या दाराचीही पट्टी सुटी सोडतो. म्हणून कुलपं थोडी ठेवा, पण जी ठेवाल ती दर वेळी लागलीच पाहिजेत.

तुमच्या पत्रावरून मला चार जागा दिसतात. सिंकखालचं कपाट, बाथरूममधलं कपाट, सुऱ्या-कात्र्या-लायटर असलेला ड्रॉवर आणि औषधांची जागा. काचेची भांडी वरच्या फळीवर जाऊ शकतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना गाठी मारून त्याही वर टाका, कारण मुलं त्या तोंडावर ओढतात. खालच्या बाकीच्या कपाटांत स्टीलची भांडी, डबे, चाळण्या, लाटणं असं काहीही राहू द्या आणि ती दारं मोकळी सोडा. त्यातलं एक कपाट तर मुद्दाम बाळाचंच करा. त्याला तिथे हवं ते काढू द्या, आपटू द्या, परत भरू द्या. रांगणाऱ्या मुलाला दार उघडण्याचाच आनंद असतो. तो त्याला एका जागी हक्काने मिळाला की इतर दारांवरचा हल्ला बराच कमी होतो. हे कपाट गॅसपासून लांबचं निवडा, म्हणजे तुम्ही स्वयंपाक करताना तो पायात येणार नाही.

सिंकखालचं कपाट आवरताना प्रत्येक बाटली हातात घेऊन बघा. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन यांचा धोका पोटापेक्षा फुप्फुसांना जास्त असतो. एक घोट गिळताना ठसका लागला की ते श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. डांबरगोळ्या गोळीच्या खाऊसारख्या दिसतात. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या मुलाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटू लागतात, आणि आपल्या मुलाला ही कमतरता आहे का, हे बहुतेक आईवडिलांना माहीतच नसतं. कपडे धुण्याच्या द्रवाच्या त्या मऊ, रंगीत कॅप्सूल मुलं सरळ तोंडात घालतात, आणि दाब पडताच आतला दाट द्रव जोरात घशात उडतो. डासांच्या औषधाच्या बाटल्या, कीटकनाशकं, उंदरांचं औषध यांतलं जे रोज लागत नाही ते टाकून द्या. आणि एक पक्का नियम करा: कुठलंही रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही. मूळ बाटली, मूळ लेबल. पुढे कधी डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर ते लेबलच कामी येतं.

औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरात वडीलधारी माणसं आहेत. सासूबाईंच्या गोळ्या बहुधा आठवड्याच्या वारांच्या खणांच्या डबीत असतील. ती डबी त्यांच्या बोटांना उघडता यावी म्हणूनच सोपी केलेली असते. जी संधिवाताच्या बोटांना उघडते, ती बाळाच्या बोटांनाही उघडते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की एक किंवा दोन पोटात गेल्या तरी तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं. लोहाच्या गोळ्यांना आपण निरुपद्रवी टॉनिक समजतो. बाळंतपणानंतर तुमच्याकडेही त्यांचं पाकीट पडलं असेल. लहान मुलांना त्यांनी जीवघेणी विषबाधा होते, आणि वर त्यांना गोड लेप असतो. म्हणून डबी उशाशी नको, टेबलावर नको, पर्समध्ये नको. उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या वर, कुलपाच्या दाराआड. पाहुण्यांच्या पर्ससुद्धा आल्या आल्या उंच टांगायच्या. आणि औषध पाजताना त्याला कधीही 'खाऊ' म्हणू नका, कितीही रडला तरी.

अजून एक वस्तू बहुतेक घरांत कुणाच्या यादीत नसते. रिमोटमधली, घड्याळातली, वजनकाट्यातली चपटी गोल बॅटरी. वीस मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर आतल्या ओल्या अस्तरातून विद्युतप्रवाह सुरू होतो, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांतच गंभीर भाजतं. बॅटरी फुटण्याची, गळण्याची गरज नसते. वापरून 'संपलेल्या' बॅटरीतही एवढं करण्याइतकी वीज उरलेली असते. ज्या ड्रॉवरमध्ये जुन्या बॅटऱ्या, स्क्रू, पिना, नाणी असं सगळं एकत्र पडलेलं असतं, तो रिकामा करून वर न्या. रिमोटच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर त्यावर जाड टेप गुंडाळा.

आता कुलपांकडे येऊ. कोणतंही कुलूप घ्या, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे आधी नीट कळायला हवं. औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण तुम्ही पाहिलं असेल. कॅनडातल्या विंडसर शहरातले बालरोगतज्ज्ञ डॉ. हेन्री ब्रो औषधं गिळून येणाऱ्या मुलांवर उपचार करून करून अस्वस्थ झाले होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९६७ मध्ये असं झाकण आलं आणि त्या भागातल्या मुलांच्या विषबाधा झपाट्याने घटल्या. १९७० मध्ये अमेरिकेत अशा वेष्टनांचा कायदा झाला. तिथे झाकणाची परीक्षा खऱ्या मुलांवर घेतात, साधारण साडेतीन ते सव्वाचार वर्षं वयाच्या. पाच मिनिटं मुलांना स्वतः प्रयत्न करू देतात, मग एकदा उघडून दाखवतात, हवं तर दात वापरा असंही सांगतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. अखेरीस शंभरातल्या किमान ऐंशी मुलांना ते उघडता आलं नाही, तर झाकण उत्तीर्ण. म्हणजे वीस मुलांनी उघडलं तरीही ते उत्तीर्णच. मुलांना अजिबात उघडणार नाही असं वचन कुणी देतच नाही. कुलूप तुम्हाला वेळ देतं: ते कपडे वाळत घालण्याइतकी मिनिटं, खुडबुड ऐकून धावत येण्याइतकी मिनिटं.

कपाटांच्या कुलपांनाही हे लागू आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत दाबून उघडायच्या एका प्रकारची सुमारे ९ लाख कपाट-कुलपं परत मागवावी लागली, कारण ती निकामी होत होती आणि लहान मुलांनी दारं उघडून आतल्या वस्तूंना हात घातला होता. म्हणून कुलूप लावल्यावरही आतल्या बाटल्यांची झाकणं घट्ट हवीत, आणि सगळ्यात वाईट वस्तू कुलपाच्या कपाटातसुद्धा खाली ठेवायच्या नाहीत.

बाजारात ढोबळमानाने चार प्रकार मिळतात. तुमच्याकडे आहे ती चिकटवायची पट्टी: दोन टोकांना गाद्या, मध्ये लवचीक पट्टा, बटण दाबलं की सुटतो. दोन मुठींच्या मधून सरकवायचं यू आकाराचं कुलूप: जवळजवळ असलेल्या दोन गोल मुठींवरच बसतं, मुलाला समोर दिसतं, आणि तुम्ही ते कसं काढता हे तो टक लावून पाहत असतो. तिसरा, दाराच्या आतून स्क्रूने बसवायचा खटका: दार थोडं उघडतं, मग अडतं, आणि फटीतून बोट घालून तो दाबायचा. हा स्वस्त आणि जुना प्रकार मला फारसा आवडत नाही. त्या फटीत मुलाची बोटं चेपतात, आणि बारीक हात असेल तर आतली बाटलीही हाताला लागते. शिवाय त्याला भोकं पाडावी लागतात, म्हणजे तुमच्यासाठी तो बादच.

चौथा मॅग्नेटिक. तुमच्या घरासाठी मी हाच सुचवेन, आणि त्याचं मुख्य कारण सासूबाई आहेत. कुलूप दाराच्या आतून बसतं, बाहेरून काही दिसत नाही. दार जराही उघडत नाही, त्यामुळे फट नाही आणि बोट चेपायचा प्रश्न नाही. उघडायला एक मुठीएवढी चुंबकाची किल्ली दाराच्या ठरलेल्या जागी टेकवायची आणि दार ओढायचं. कुठेही चिमटीत धरून दाबावं लागत नाही. तळहाताने किल्ली टेकवणं संधिवाताच्या हातालाही जमतं. यातली बरीच कुलपं चिकटपट्टीवर बसतात, म्हणजे मालकांचीही हरकत नाही. आतल्या बाजूला एक छोटा खटका असतो. तो फिरवला की कुलूप तात्पुरतं काम करेनासं होतं आणि दार साध्या दारासारखं उघडतं. बाळ आजोळी गेलं असेल त्या दिवसांत याचा उपयोग होतो.

घेताना दोन गोष्टी बघा. चुंबकाची ओढ दाराच्या जाडीतून आत पोचली पाहिजे. प्लायवूडच्या नेहमीच्या दारातून ती पोचते, फार जाड लाकडातून किंवा लोखंडी दारातून नाही. दाराची जाडी मोजा आणि वेष्टनावर दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. दुसरं, घरात कुणाला पेसमेकर असेल तर ती किल्ली छातीपासून किमान वीतभर लांब राहिली पाहिजे, खिशात किंवा ब्लाउजमध्ये अजिबात नको, आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. दोन किल्ल्या ठेवा. एक फ्रिजच्या बाजूला अगदी वर चिकटवून, दुसरी वेगळ्या खोलीत. किल्लीचं प्लॅस्टिक तडकलं तर ती लगेच टाकून द्या. आतलं चुंबक सुटून बाळाच्या हाती लागता कामा नये. एकाहून जास्त चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन भिंतींना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटतं.

तुमच्या दोन पट्ट्या आपोआप निघाल्या, याचं कारण बहुधा घाई. चिकटपट्टी लावल्यावर लगेच वापरायची नसते. आधी जागा स्पिरिटने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्वयंपाकघरात दारांवर डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर असतो आणि साबणाने पुसलं तर साबणाचाच थर मागे राहतो. पूर्ण वाळू द्या. मग चिकटवून अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. पूर्ण एक दिवस त्याला हात लावू नका. चांगल्या प्रतीच्या चिकटपट्टीला पूर्ण पकड घ्यायला तीन दिवसही लागतात. थंडगार पृष्ठभागावर ती नीट धरत नाही, सततच्या वाफेने आणि गॅसच्या धगीने सैल पडते. सनमायका, काच, स्टील यांवर छान बसते. कच्च्या लाकडावर, खरखरीत पृष्ठभागावर आणि भिंतीच्या रंगावर नाही, कारण तिथे चिकटपट्टी टिकली तरी रंगाचा पापुद्रा सुटून येतो. या एका दिवसात कपाट रिकामं ठेवा. आणि कुलूप लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. अधूनमधून दार स्वतः जोरात ओढून बघा. बाळ ओढेल त्यापेक्षा जास्त जोराने.

उरलेल्या पट्ट्या फेकू नका. फ्रिजला, कमोडच्या झाकणाला, कचऱ्याच्या डब्याला त्या चांगल्या चालतात. लावताना दाराच्या वरच्या टोकाशी लावा, मुलाच्या डोळ्यांसमोर नको. पट्टा ढिला ठेवू नका. ढिल्या पट्ट्यामुळे फट पडते.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. मला वाटतं, त्या कुलपांना विरोध करत नाहीयेत, ज्या कुलपांनी त्यांना स्वतःच्याच स्वयंपाकघरात परकं केलंय त्यांना करत आहेत. विचार करा, इतकी वर्षं ज्या माणसाने ते घर चालवलं, त्याला साधा डबा काढायला सुनेला हाक मारावी लागते. नवीन कुलपं घ्याल तेव्हा बसवण्याआधी किल्ली त्यांच्या हातात द्या. कुठल्या जागी टेकवायची, हे त्यांना ठरवू द्या, त्यांच्या हाताच्या उंचीवर. रोजच्या वापराची दारं मोकळी झाली की निम्मा वाद तिथेच मिटेल असं मला वाटतं.

'नाही' शिकवायला हवंच. त्यांचा हा आग्रह योग्य आहे, आणि तुम्ही शांतपणे, प्रत्येक वेळी त्याच शब्दात 'नाही' म्हणत राहा. पण दहा महिन्यांच्या मुलाला 'नाही'चा सूर कळतो, क्षणभर हात थांबतोही, आणि पुढच्या क्षणी तोच हात पुन्हा जातो. तो हट्टीपणा नाही. मनात आलेली गोष्ट स्वतःहून थांबवणं मेंदूला हळूहळू जमू लागतं, तीन-चार वर्षांच्या पुढेही ते कच्चंच असतं. आजीला हे सांगायचं असेल तर वादात नको. बाळ त्याच दाराकडे पुन्हा जाताना दोघी मिळून पाहा. 'आमची मुलं वाढली' हे खरंच आहे, पण त्या काळी मूल क्वचितच एकटं असायचं, कुणा ना कुणाचं लक्ष असायचं. आता दोन माणसं घरात असली तरी दोघंही कामात असतात.

तुम्ही ड्रॉवरचा उल्लेख ओझरता केलाय, पण त्याबद्दल मी थांबून लिहिणार आहे. कपड्यांचं ड्रॉवरचं कपाट घरात असेल तर त्याचा मोठा धोका आत काय आहे याचा नाही, ते कपाट पडण्याचा आहे. वर्षा-दीड वर्षाचं मूल खालचा ड्रॉवर ओढतं, त्यावर पाय ठेवतं, मग वरचा ओढतं. पायऱ्याच तयार होतात. उघड्या ड्रॉवरांचं वजन पुढे येतं, त्यात मुलाचं वजन, आणि सगळं कपाट त्याच्या अंगावर येतं. २०१६ मध्ये इकीया कंपनीने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली ती मुलांच्या अशाच मृत्यूंनंतर. इथे कुलपापेक्षा भिंतीला जखडणं महत्त्वाचं. त्यासाठी पट्ट्या आणि कोनपट्ट्या मिळतात, पण भिंतीत स्क्रू लागतोच. मालकांशी बोला. दोन भोकं, जाताना बुजवून रंगवून देऊ, असं लेखी द्या. तरीही नाहीच म्हणाले तर जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये भरा, वरचे ड्रॉवर उघडणार नाहीत असं करा, वर टीव्ही किंवा खेळणी ठेवू नका, आणि ते कपाट बाळ एकटं जाणार नाही अशा खोलीत हलवा. या बाबतीत मी तडजोड सुचवते आहे ती नाइलाजाने. स्क्रू हाच खरा उपाय.

आणि मोठ्या कपाटांना, पेट्यांना बाहेरून आपोआप लागणारी कडी नको. लपाछपीत मूल आत शिरतं, दार लागतं, आतून उघडता येत नाही. जुन्या फ्रिजना बाहेरून खटक्याची मूठ असायची. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये अडकून मुलं गुदमरली, म्हणून १९५६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. आज आपल्या फ्रिजचं दार चुंबकाच्या रबरी पट्टीने लागतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

देव न करो, पण काही तोंडात गेलंच तर काय करायचं, हे घरातल्या तिघांनाही आत्ताच माहीत हवं. ओकारी काढायची नाही. मिठाचं पाणी नाही, घशात बोट नाही. अल्कली किंवा आम्ल वर येताना दुसऱ्यांदा भाजतं, रॉकेल वर येताना फुप्फुसात जातं. पूर्वी उलटीचं औषध घरात ठेवा असं डॉक्टरच सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये तो सल्ला मागे घेतला. तोंडात उरलेलं बोटाने बाहेर काढा, ओठ आणि हात वाहत्या पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. डबा किंवा पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा. विषबाधेच्या मदतकेंद्राचा आणि जवळच्या मुलांच्या रुग्णालयाचा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबून वाट पाहायची नाही. एक्स-रे लगेच.

किती वर्षं, असं विचारलंय. आत्ता तो रांगतोय. उभा राहू लागला की त्याची पोच एका दिवसात दुप्पट झाल्यासारखी वाटेल, आणि दीड वर्षाच्या आसपास तो खुर्ची ओढून आणायला शिकेल. तेव्हा आज 'उंच' ठेवलेल्या निम्म्या वस्तू उंच राहणार नाहीत, सगळं पुन्हा एकदा तपासा. दोन-तीन वर्षांचा झाला की तुमच्याकडे पाहून किल्लीचं काम त्याला कळेल. मग किल्लीची जागा बदला. चार-पाच वर्षांचा झाला, सांगितलेलं लक्षात ठेवून पाळू लागला, की सुऱ्यांच्या ड्रॉवरचं कुलूप काढा आणि सुरी कशी धरायची हे शिकवायला घ्या. सिंकखालचं आणि औषधांचं कुलूप त्यानंतरही राहू द्या. दुसरं मूल झालं तर अर्थातच.

घर सोडताना चिकटवलेली कुलपं ओढून काढू नका, सनमायका निघून येईल. हेअर ड्रायरने मिनिटभर ऊब द्या, मागून दातांचा धागा करवतीसारखा फिरवा, आणि उरलेला डिंक स्पिरिटने पुसा.